बोट तीन

मोदी नंबर तीनमध्ये, मे महिन्यात दुपारी दोनला
फक्त गरजू आणि वेडे हिंडतात.
मी यातली नेमकी कोण ते न ठरवता
जुना फोन काउंटरवर ठेवला.

रितिकेश नावाचा पोरगा, बिल्ला उलटा लावलेला,
म्हणाला, "डब्बा आहे का मॅडम?
डब्बा नसन तं पाचशे कमी."
डब्बा घरी आहे, त्यात सुया-दोरे आहेत,
हे सांगितलं नाही.

त्यानं फोन उजेडात तिरपा धरला
जशी मी रक्ताची नळी धरते, गुठळी बघायला.
कॅमेऱ्याखाली भेग. रहाटे कॉलनी चौकातली.
"पडला होता का?"
पडले मी होते. तो माझ्यासोबत आला होता.
आठशे कमी.

मग पडदाभर हिरवे चौकोन,
तो बोटानं एकेक भरत गेला, शेणाचा सडा टाकावा तसा,
आणि वर डावीकडे एक चौकोन कोराच राहिला.
"इथला टच गेला."
कधी गेला? माझ्या अंगठ्याला माहीत होतं बहुतेक,
तो कधीपासून तिथून वळसा घेत होता.

नवा आणि जुना शेजारी शेजारी ठेवले.
त्रेचाळीस मिनिटं.
नवा गारच होता.
जुना तापत गेला, देता देता.

पुसण्याआधी त्यानं सेटिंग उघडलं.
बोट एक. बोट दोन. बोट तीन.
"तिसरं कोणाचं?"
माझंच, म्हटलं, आणि काउंटरवर दहाही लावून पाहिली.
पहिली दोन ओळखीची निघाली. बाकी आठांना फोननं
दार उघडलं नाही.

धंतोलीत मी दिवसाला चाळीस बोटं टोचते.
अनामिका द्या, तिकडे बघा, झालं.
शिंप्याचं बोट कळतं, विडीवालीचं कळतं,
खोटं बोलून उपाशी न आलेल्याचंसुद्धा कळतं,
आणि माझ्याच फोनमध्ये सहा वर्षं राहिलेलं हे एक
कळेना.

रसवंतीवर दुसरा ग्लास घेताना आठवलं.
प्लास्टरचा महिना. उजवा हात गळ्यात.
खालच्या गजभियेंचा शार्विल, वय नऊ,
"मावशी, माझं पण बोट टाकू का? तुम्हाले सोपं होईन."
संध्याकाळी यायचा, मी सांगायची, तो लिहायचा,
पाय हलवत, जीभ बाहेर काढून.
तो "काहून" लिहायचा, फोन त्याचं "कानून" करायचा.
आठवडाभर दोघं भांडले.
शेवटी फोननंच हार मानली,
मग मी नुसतं "का" लिहिलं तरी
तो पुढे "हून" घेऊन उभा असायचा.

शार्विल आता दहावीत.
जिन्यात भेटतो, कानात बोळे,
"हं" म्हणतो. तेही प्रत्येक वेळी नाही.

वाटलं, रिक्षा करावी, त्याला झोपेतून उठवावं,
म्हणावं लाव रे बोट, बघू उघडतं का.
पण बाहेर सेहेचाळीस होतं
आणि ऑफर सहापर्यंत.
शिवाय काय सांगणार होते मी त्याच्या आईला?

"मिटवू?"
मिटव.
पडद्यानं पुन्हा विचारलं, नक्की?
आम्हीही विचारतो, नाव दोनदा,
नळीवर चिठ्ठी लावण्याआधी.
हो म्हटलं.
पांढरा झाला. मग काळा. मग परदेशी भाषेत नमस्कार.
रितिकेशनं तो ड्रॉवरमध्ये टाकला,
तिथे आधीच सात-आठ होते, पालथे.

मेट्रोत गार. मांडीवर नवा डब्बा,
त्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
जयप्रकाश नगर येईतो बहिणीला लिहिलं,
सकाळपासून फोन उचलत नव्हती,
"काहून गं?"

गेलं "कानून गं?"
दुरुस्त नाही केलं.

दोन स्टेशनांनंतर तिचं उत्तर आलं:
"कोणता?"